विलायती उंदरांचा हंगाम

ही वही कोणाच्या हाती पडलीच तर त्याने आधी माझ्या अक्षराला पोटभर हसून घ्यावे आणि मग पुढे वाचावे. वडील अकोल्याच्या शाळेत मास्तर होते, म्हणून मुलांच्या मागे भिंतीला टेकून मी चार इयत्ता शिकले. पाचवीचे पुस्तक हातात आले त्याच महिन्यात लग्न ठरले. वेलांट्या तेव्हापासून माझ्याशी रुसल्या आहेत. पहिली द्यावी की दुसरी हे कळत नाही, तेव्हा मी आळीपाळीने देते, म्हणजे कोणावर अन्याय नको. बोरू घरीच तासलेला, शाई काजळाची, म्हणून ओळ कुठे जाड तर कुठे पुसट. पण चार बायांत तोंड उघडायचे म्हटले की माझा घसा जसा कोरडा पडतो, तसा कागदापुढे पडत नाही. म्हणून लिहिते.

आज सकाळपासून दर्यापूरकडच्या कापसाच्या गाड्या यायला लागल्या. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकले आहेत. उन्हाची तिरीप घरात शिरली की तिच्यात तंतू तरंगताना दिसतात. वरणात तंतू, भाकरीवर तंतू, जाऊबाईंच्या भुवयांवर तंतू. मी परसात बसून हरभऱ्याचा कोवळा पाला खुडते आहे. त्याच्यावरच्या दवाची आंब बोटांना लागते, बोट जिभेला लावावे तर डोळे मिटतात. पाल्याचा वास सुटला की तुऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या काड्यांच्या, कुडाआडून एकदम शिट्ट्या सुरू होतात. एक शिट्टी, मग दोन, मग सगळ्या मिळून. हा गलबला ऐकला की मला तो हंगाम आठवतो आणि एकटीलाच हसू येते.

त्या वर्षीचा कापूस वऱ्हाडात कोण विसरेल? समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई चालली होती. तिथला कापूस विलायतेला जात नव्हता, म्हणून आमच्या बोंडांना भाव आला होता. भाव कसा, तर काल ज्याच्या पायात धड जोडा नव्हता त्याने आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवाव्यात. बोंड फुटायच्या आधी सौदा, कापसाच्या पऱ्हाटीला फूल दिसायच्या आधी विसाराचे आगाऊ पैसे. जे अजून जन्माला आलेले नाही त्यावर पैसे द्यायचे आणि घ्यायचे, याची अमरावतीत लहानथोरांना सवय लागली होती. आमच्या हातून जे झाले ते त्या सवयीनेच झाले.

घरचे, म्हणजे माझे यजमान, तेव्हाही कापसाच्या बाजारात काट्यावर होते, आजही आहेत. गाडी आली की वजन करायचे आणि मोठ्याने सांगायचे. विकणाऱ्याने ते मानायचे आणि घेणाऱ्यानेही. त्यांचा शब्द खरा, एवढ्यावर आमची चूल पेटते. थोरले भाऊजी शेतावर राहतात, त्यामुळे घरात राज्य जाऊबाईंचे. त्या बसतील तो घराचा मध्य. भाकरी पहिली कोणाच्या ताटात जाईल, विहिरीवर पुढे कोण चालेल, उन्हाळ्यात वाऱ्याच्या दाराशी कोण निजेल, हे त्या ठरवत. मी मागे चालत असे. मला त्याचे फारसे वाईट वाटत नसे. मागे चालणाऱ्याला पाहायला फार सापडते.

कापूस घ्यायला मुंबईहून एक गोरा साहेब येऊन बंगला करून राहिला होता. त्याच्या मडमेने घाट चढून बैलगाडीतून एक जाळीचे खोके आणले होते. त्यात पाच जनावरे. उंदीर म्हणावे तर शेपूट नाही, ससा म्हणावे तर कान नाहीत. आम्ही त्यांना विलायती उंदीर म्हणू लागलो. त्यांना रोज हिरवा पाला लागे, तो पोचवायचे काम घरच्यांमुळे माझ्याकडे आले. मडमेला माझी भाषा येत नव्हती आणि मला कोणतीच भाषा चारचौघांत येत नव्हती, त्यामुळे आमचे छान जमले. दोघी खोक्यापाशी उकिडव्या बसून पाहत राहायचो. दसऱ्याच्या सुमारास साहेबाची बदली झाली, तेव्हा मडमेने ते खोके माझ्या हातात दिले, माझ्या दंडावर थोपटले आणि तोंड फिरवून घेतले. पाचांत नर किती, माद्या किती हे तिला नक्की ठाऊक असणार. विचारायला मला जीभ असती तर ही सारी गोष्टच झाली नसती.

परसात तुऱ्हाट्यांचा कूड घालून त्यांना सोडले त्या दुपारी घरातली सगळी माणसे जमली होती. नव्या जागेत पाचही जनावरे एकमेकांभोवती फिरू लागली. माना उंच केल्या. फुटाणे चावावेत तसे दात वाजवू लागली. त्यांत एक मातकट रंगाचे होते, कपाळावर केसांचा भोवरा असलेले. ते अंग फुगवून, कंबर या बाजूला त्या बाजूला टाकत सावकाश चालू लागले. गळ्यातून जात्याच्या घरघरीसारखा आवाज. भुरीपाशी, म्हणजे त्यांतल्या भुऱ्या रंगाच्या एकीपाशी, आले आणि सरळ तिच्या पाठीवर चढले. भुरी ओरडली, मग गप्प राहिली.

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "हा नर हाय. चौघींचा धनी."

झाले. जाऊबाई बोलल्या ते ठरले. घरच्यांनी दुरूनच मान डोलावली. त्याचे नाव सरदार पडले. उरलेल्या भुरी, ठिपकी, चांदी आणि बुटकी. एकालाही उचलून, उलटे करून कोणी पाहिले नाही. आमच्याकडे गाय माजावर आली तर गडी तिला बैलाकडे घेऊन जातो, बाया घरात जातात. त्या गोष्टी बायांनी पाहायच्या नाहीत आणि बोलायच्या तर त्याहून नाहीत. पुरुषांचे म्हणाल, तर कापसाला असा भाव असताना उंदराच्या पोटाखाली पाहायला सवड कोणाला होती?

कापसाचे दलाल गोविंदशेठ एकदा घरी आले. त्यांच्या लेकीचे लग्न निघाले होते. सरदारची ती ऐटीतली चाल पाहून त्यांचे डोळे मोठे झाले. लग्नात चांदीच्या पिंजऱ्यात नर-मादीची जोडी ठेवायची, वऱ्हाडी मंडळींनी तोंडात बोट घातले पाहिजे, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. जाऊबाई दाराआडून म्हणाल्या की ही जोडी द्यायची नाही, पिल्ले झाली की देऊ. शेटजींनी लगेच विसार काढून उंबऱ्यावर ठेवला. बाजारात ही बातमी गेली आणि आठ दिवसांत आणखी चौघे आले. एकाकडे आहे म्हटल्यावर दुसऱ्याकडे हवेच, असे दिवस होते.

घरात लिहिता येणारी बाई मी एकटी. घरचे काट्यावर, आणि जाऊबाईंना दम नाही. त्यांनी मला बसवले आणि मी पाच चिठ्ठ्या लिहिल्या. नर-मादीची एक जोडी माघ सरायच्या आत देऊ, विसार पोचला. खाली माझे नाव. माझे अक्षर पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर चालले होते. खरे सांगते, त्या दिवशी मला फार मोठे झाल्यासारखे वाटले. आलेल्या पैशांतून मागच्या पडवीवर नवी कौले चढली, जाऊबाईंना चांदीचा कमरपट्टा झाला आणि मला पैंजण. पैंजण वाजतात म्हणून मी टाचा उचलून चालत असे.

मग हंगाम भरात आला. मी परसात चरकीवर बसून कापसातली सरकी काढत असे. चरकीचे लाट कुरकुरत, एका बाजूला रुई पडे, एका बाजूला सरकी, आणि समोर कुडापलीकडे त्या पाचांचा संसार. हात कामात आणि डोळे मोकळे. एवढे निवांत पाहणे मला आयुष्यात आधी कधी मिळाले नव्हते.

पाला टाकला की सरदार पुढे. त्याच्यामागे ठिपकी, मग भुरी आणि चांदी, शेवटी बुटकी. हा क्रम कधी मोडत नसे. बुटकी चुकून आधी शिरली तर सरदार नुसती हनुवटी वर करी. एवढ्यानेही भागले नाही तर दात वाजवी, आणि त्यानेही नाही तर पाठीवर चढे. मला वाटले होते की हे भांडण आहे. पण चावा क्वचित. एकदा कोण मोठे ते ठरले की दिवसच्या दिवस शांतता. उलट सरदारला खोकल्यासारखे झाले म्हणून दोन दिवस मी वेगळे ठेवले, तर मागे राहिलेल्या चौघींनी एकमेकींचे केस उपटले. त्याला परत सोडल्याबरोबर सगळ्या गप्प. जाऊबाई माहेरी गेल्या की आमच्या घरात मीठ कोणी आणायचे यावरून जे होते, तेच.

पण एक गोष्ट मला टोचू लागली. पंधरा-सोळा दिवस गेले की भुरी, एरवी इतकी गरीब, एकाएकी बदलायची. तीच कंबर टाकत चालायची, तीच गळ्यातून घरघरायची, चांदीच्या पाठीवर चढायची, एकदा तर सरदारच्याही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गरीब. मग कधी ठिपकीची पाळी, कधी चांदीची. ज्या खुणेवरून आम्ही सरदारला नर ठरवले ती खूण सगळ्यांतच होती, कोणात रोज तर कोणात पंधरवड्याने. आणि पोट कोणाचेच सुटत नव्हते. मार्गशीर्ष गेला. पौष लागला. चरकी फिरवता फिरवता माझ्या मनात यायचे की धनी असून चौघी रित्या कशा, आणि हा विचार मी पाप केल्यासारखा झटकून टाकायची. सांगायचे कोणाला, आणि कोणत्या शब्दांत?

संक्रांतीच्या आधी गोविंदशेठ बाजारात घरच्यांना भेटले. जोडीचे काय झाले म्हणून त्यांनी विचारले. अजून काही नाही, असे उत्तर मिळाले. शेटजी हसतच बोलले, पण दहा जणांदेखत बोलले, "ज्याच्या घरची चिठ्ठी खोटी, त्याचा काटा खरा कसा समजावा?"

घरच्यांनी मला हे चिडून सांगितले नाही. हात धुता धुता सांगितले. पण त्या दिवशी त्यांनी एकच भाकरी खाल्ली, आणि पुढच्या आठवड्यात नेहमीच्या दोन-तीन गाड्या त्यांना ओलांडून दुसऱ्याच्या काट्यावर गेल्या. माझ्या पाच चिठ्ठ्या आणि त्यांचा काटा एका दोरीला बांधले गेले आहेत हे तेव्हा मला समजले. पैंजण मी त्याच दिवशी काढून ठेवले.

आमच्या परसाला लागून खातूनबीचे परस. तिचा नवरा पिंजारी. ती शेळ्या पाळी, कोंबड्या पाळी, आणि कोणाची शेळी अडली तर रात्री-बेरात्री तिलाच बोलावणे येई. तिच्यापुढे मला बोलायला भीती वाटत नसे, कारण ती समोरच्याला बोलूच देत नसे. एका सकाळी ती भिंतीवरून पाहत होती. मी तिला खुणेने बोलावले. कुडाकडे बोट दाखवले आणि मान खाली घातली. तिला काय कळायचे ते कळले. तिने सरदारला उचलले, उताणा धरला, अंगठ्याने केस बाजूला केले. मग ठिपकीला. मग एकेक करत पाचही. आणि भिंतीला टेकून अशी हसत सुटली की तिच्या शेळ्याही चरायच्या थांबल्या.

"काशीबाई," ती डोळे पुसत म्हणाली, "या तं समद्या बायाच हायेत."

मी त्या क्षणापर्यंत सरदारला तो म्हणत होते. आता ती. इतक्या दिवसांचे ओझे उतरल्यासारखे झाले आणि लगेच दुप्पट होऊन परत बसले. माझ्या मनातले खरे निघाले, पण मग चिठ्ठ्यांचे काय? आणि जाऊबाईंना सांगायचे कोणी?

खातूनबीनेच मला पुढे ढकलले. मी सरदारला पदरात घेतले, ओसरीवर जाऊबाई तूर पाखडत होत्या, त्यांच्यापुढे उभी राहिले.  शेवटी मी सरदारला त्यांच्या सुपातच उताणे ठेवले. जाऊबाईंनी सुपात पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा सुपात. त्यांचे कान लाल झाले. मी त्यांना गोंधळलेले पहिल्यांदाच पाहत होते.

"मंग हे चढत काहून होतं?" त्यांनी खातूनबीला विचारले.

खातूनबी पायरीवर बसली. म्हणाली, "बाई, या घरात हुकूम कोनाचा चालते? तुमचाच ना? मंग तुमी काय बाप्या हाय?"

 जाऊबाईंनी सूप खाली ठेवले. सरदारने उठून दोन दाणे तूर खाल्ली. आणि जाऊबाई हसल्या. आधी नाकातून, मग पोटातून. त्यांना हसताना पाहून मी हसले, आणि तिघीजणी त्या सुपाभोवती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. हसून झाल्यावर त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "आता खरा नर कुठं भेटते ते सांग."

खातूनबीचा भाऊ अकोल्यात एका साहेबाकडे खानसामा होता. त्या बंगल्यात हीच जनावरे होती आणि नर जास्त झाले म्हणून साहेब वैतागला होता. माझे माहेर अकोल्याचे, तेव्हा जायला निमित्तही होते. खातूनबी आणि मी तिच्या नवऱ्याच्या बैलगाडीत बसलो. मूर्तिजापूरला मुक्काम केला. वाटेत दोन्ही बाजूंनी पांढरी शेते, वेचणाऱ्या बायांच्या ओट्या गर्भारणीसारख्या फुगलेल्या. खातूनबी त्यांच्याकडे बोट दाखवून काय काय बोलायची ते इथे लिहिता येणार नाही. पण त्या प्रवासात ती माजावर येणे, फळणे, गाभण राहणे हे सगळे शब्द इतक्या सहज बोलली, जशी मी कणीक, तिंबणे, भाजणे म्हणते. परत येईपर्यंत ते शब्द माझ्याही तोंडात बसले होते.

अकोल्यात वडिलांनी सगळे ऐकून घेतले. शाळेत मुलांना ओरडणारा माणूस, पण माझ्याशी हळू बोलले. खूण पाहिली आणि उत्तर लिहिले, मधले गणित केलेच नाही, एवढेच ते म्हणाले.

खातूनबीच्या भावाने दिलेला नर काळापांढरा होता, गुबगुबीत, साहेबाघरी वाढल्यासारखा निवांत. जाऊबाईंनी त्याचे नाव जावई ठेवले आणि त्याला चिमूटभर गूळ घालून घरात घेतले. आता सगळे सुरळीत होणार असे आम्हांला वाटले. जावई कुडात उतरला, अंग फुगवले, घरघर करत भुरीकडे निघाला. भुरीने मागे वळूनही न पाहता त्याच्या तोंडावर नेमकी मुताची पिचकारी मारली. तो थांबला, तोंड पुसले, ठिपकीकडे गेला. तिनेही तेच केले. सरदार तर हनुवटी वर करून, दात वाजवत त्याच्या अंगावर गेली आणि त्याला कोपऱ्यात बसवून आली. जाऊबाई म्हणाल्या की असे स्वागत त्यांच्या भावाच्या सासुरवाडीत तेवढे पाहिले होते.

चार दिवस जावई कोपऱ्यात होता आणि बुटकीच्याही मागून जेवत होता. मी घाबरले. पण खातूनबी म्हणाली, थांब. मग भुरीचा तो दिवस आला. ती घरघरू लागली, चांदीच्या पाठीवर चढली, आणि जावई जवळ आला तेव्हा ती हलली नाही. कोणी तिला धरले नव्हते, कोणी दोरी ओढली नव्हती. दिवस तिने ठरवला होता. पंधरा दिवसांत एकेक करत उरलेल्या चौघींनी आपापला दिवस ठरवला. सर्वांत शेवटी सरदारने. तेसुद्धा आधी जावयाला दोनदा पळवून लावून.

मी चरकी फिरवत हे सारे पाहत होते. लाज वाटेल असे वाटले होते, ती वाटली नाही. वाटले ते नवल. नर आहे म्हणून तो मोठा, असे त्या कुडात काही नव्हते. पुढे चालण्याची ऐट वेगळी आणि पिल्ले होणे वेगळे, आम्ही दोन्हींची एकच खूण समजलो होतो.

माघ मात्र निघून गेला. जाऊबाईंनी पाचही जणांना निरोप धाडला की अक्षय तृतीयेपर्यंत थांबा. थांबले. गोविंदशेठच्या लेकीचे लग्न जोडीशिवाय झाले, तरी तेही थांबले.

चैत्रात ऊन कडक झाले होते. पिंपळाला नवी पालवी आली होती. त्या दुपारी चांदी कोपऱ्यात थरथरत बसली आणि पाहता पाहता तीन पिल्ले झाली. डोळे उघडे. अंगावर पूर्ण केस. तोंडात दात. वाळतात न वाळतात तोच चालू लागली आणि दुसऱ्या दिवशी पाला कुरतडत होती. माणसाच्या लेकराला वर्ष लागते ते यांनी दोन दिवसांत उरकले. पंधरवड्यात पाचही बाळंत झाल्या आणि कुडात चौदा पिल्ले उड्या मारू लागली. उभ्या उभ्या, चारही पाय हवेत टाकून, तापल्या खापरात लाही फुटावी तशी. कोणाचे पिल्लू कोणाला पिते याचा हिशेब त्या बायांना नव्हता. सरदार जड झाली होती तेव्हा ठिपकी पाल्याला पुढे होऊ लागली होती. बाळंत झाल्यावर तिसऱ्या दिवशी सरदार उठली, एकदा दात वाजवले, ठिपकी बाजूला झाली. आणि मग सरदारने ठिपकीच्या पिल्लांना आपल्या पोटाशी घेतले. मी जाऊबाईंना बोलावून दाखवले.  माझ्या पहिल्या बाळंतपणात रोज पहाटे अंघोळीचे पाणी त्याच तापवत असत आणि पाणी जास्त सांडते म्हणून रोज मलाच बोलत असत, ते मला आठवले.

पिल्ले देण्याजोगी झाली आणि तेव्हाच बातमी आली. समुद्रापलीकडची लढाई थांबली. भाव असा बसला की बाजारात माणसे एकमेकांकडे पाहत नव्हती. शिंगांवरच्या शेंब्या उतरल्या. चांदीचा पिंजरा आता कोणाला हवा होता? पाचही जण येऊन एकच बोलले, जोडी राहू द्या, विसार परत करा. मुदत आम्हीच चुकवली होती, त्यामुळे त्यांचे खोटे नव्हते. घरात चौदा पिल्ले आणि पाच चिठ्ठ्या.

जाऊबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा कमरपट्टा हातात होता. घरच्यांपुढे ठेवून म्हणाल्या, "आधी माहा. नर हाय म्हून मीच म्हनलं होतं."

घरचे नको म्हणाले, तर त्यांनी नुसती हनुवटी वर केली.  त्यांच्या मागून मी पैंजण आणून ठेवले. पुढे चालणारी बाई चूक भरायलाही पुढेच चालते, हे मी त्या दिवशी शिकले, आणि त्यांच्या मागे चालण्यात मला जी थोडीशी लाज वाटत असे तीही गेली. त्या दोन दागिन्यांत चार चिठ्ठ्या फिटल्या. पाचवी गोविंदशेठची. ती सर्वांत जड.

पुढचा हंगाम मी त्या चिठ्ठीसाठी चरकी फिरवली. भाव पडला तरी सरकी काढावीच लागते. बायांच्या घरून कापूस यायचा, मजुरीवर रुई करून द्यायची. जाऊबाई समोरून कापूस घालत, मी फिरवी. खातूनबी तिच्या नवऱ्याकडचे काम पाठवी. हातांना घट्टे पडले, पण कुडातला तमाशा रोज नवा, त्यामुळे दिवस कसे गेले ते कळले नाही. पिल्लांतली काही खातूनबीने नेली, काही अकोल्याला वडिलांच्या शाळेत गेली. तिथे आधी उलटे करून पाहायचे आणि मग नाव ठेवायचे, असा नियम वडिलांनी मुलांना घालून दिला. सरदार आता म्हातारी झाली आहे. उन्हात पडून असते, पाल्याला तिची नात पुढे असते. तरी म्हातारी आली की नात बाजूला होते.

शेवटचे पैसे जमले त्या दिवशी घरचे काट्यावर होते आणि जाऊबाईंना ताप होता. त्या अंथरुणातून म्हणाल्या, "चिठ्ठी तुही, तूच जाय." मी पुरचुंडी कमरेला खोवली आणि बाजारातून एकटी चालत गेले. किती माणसे होती ते मी पाहिले नाही, माझे लक्ष पायांकडे होते. गोविंदशेठ ओट्यावर बसले होते. मी पुरचुंडी त्यांच्यापुढे ठेवली. घसा कोरडा पडला होता, पण मी बोलले. "एवढ्यात सगळं फिटते. मोजून घ्या."

त्यांनी चिठ्ठी शोधून काढली आणि माझ्या हातात दिली. पुरचुंडी उचलली, गाठ सोडली नाही, तशीच आपल्या पिशवीत टाकली. "मोजाचं कायले?" ते म्हणाले, आणि दिवाणजीला हाक मारून त्यांनी सांगितले की आजच्या सगळ्या गाड्या आमच्या घरच्यांच्या काट्यावर वळव.